चौदा माणसांची हवा

घरात पाय टाकण्याआधी प्रभुलिंगनं दारातल्या चपला मोजल्या. घरच्यांच्या रॅकवर होत्या, त्या सोडून चौदा जोड होते. त्यातले तीन बायकांचे, बाकी सगळे पोरांचे बूट आणि सँडल, मैदानाची माती लागलेले. आपलंच काही चुकलं असेल म्हणून त्यानं दुसऱ्या टोकाकडून पुन्हा मोजले, तरी चौदाच भरले. तो भिंतीला हात टेकून तिथंच उभा राहिला.

लोकांच्या दारातल्या चपला मोजणारा माणूस जरा विक्षिप्तच वाटेल, पण प्रभुलिंगचा धंदाच तसा होता. उद्यमनगरात त्याची शेड होती. घराला एकच मोठं मशीन बसवायचं आणि तिथून गार किंवा गरम हवा पत्र्याच्या चौकोनी बोगद्यांतून, म्हणजे डक्टमधून, खोल्याखोल्यांत न्यायची, हे त्याचं काम. कुठल्या खोलीची डक्ट केवढी ठेवायची याचा हिशेब असतो. खोली किती मोठी, ऊन कुठल्या खिडकीतून येतं, वरचा स्लॅब तापतो का, आणि खोलीत माणसं किती. माणूस नुसता बसून राहिला तरी जुन्या शंभराच्या बल्बाएवढा तापत असतो. या सगळ्यासाठी प्रभुलिंगकडं एक छापील तक्ता होता आणि त्या तक्त्यावर त्याची देवाइतकी श्रद्धा होती. वीस वर्षांत एकाही गिऱ्हाइकाची तक्रार आली नाही, हे तो लग्नाच्या पंगतीत शेजारी बसलेल्या अनोळखी पाहुण्यालासुद्धा ऐकवल्याशिवाय सोडत नसे.

हे घर मंगळवार पेठेतलं, विजयसिंहाचं. विजयसिंह पेठेच्या फुटबॉल संघाचा गोलकीपर. खेळणं सुटल्यावर बारा वर्षं तो पोरांना शिकवत होता. मागच्या पावसाळ्यात गगनबावड्याहून परतताना मोटरसायकल घसरली आणि मानेतला मणका गेला. छातीच्या खाली आता काही कळत नव्हतं. हात खांद्यातून उचलले जायचे, पण बोटं मिटत नव्हती. आणखी एक गोष्ट डॉक्टरांना घरच्यांपुढं दोनदा समजावून सांगावी लागली होती. या शरीराला यापुढं घाम येणार नाही. उन्हाळ्यात ते तापत जाणार, थंडीत गार पडत जाणार, आणि दोन्ही जिवावर बेतणारं. खोली चोवीस-पंचवीस अंशांवर राहिली पाहिजे आणि वारा थेट अंगावर येता कामा नये. म्हणून तर त्याच्या बायकोनं, स्नेहलनं, भिंतीवरचा साधा एसी न घेता प्रभुलिंगला गाठलं होतं.

जानेवारीत प्रभुलिंगनं तक्ता भरला तेव्हा विजयसिंह अजून दवाखान्यात होता आणि घर शांत होतं. स्नेहल सगळं तुमच्यावर सोपवते म्हणाली होती. त्यानं एका ओळीत लिहिलं, विजयसिंहाची खोली, माणसं दोन. खालच्या ओळीत लिहिलं, हॉल, पाहुण्यांसह चौदा. पाहुणे हॉलमध्ये बसतात, यात विचार करण्यासारखं काही आहे असं त्याला वाटलंच नाही. त्याप्रमाणे हॉलची डक्ट झाली सोळा बाय दहा इंचांची आणि खोलीची बारा बाय आठची. खोली किती गार झाली हे बघून मशीन चालू-बंद करणारा डबा असतो, तोही त्यानं हॉलच्या भिंतीवर बसवला.

आणि मेच्या दुसऱ्या आठवड्यात विजयसिंहाला एकशे चार ताप चढला. दवाखान्यात बर्फाच्या पिशव्या लावून चार दिवसांनी तो कसाबसा खाली आणला. घरच्यांनी उन्हाला बोल लावला, विजयसिंहाच्या आईनं, तानाबाईंनी, दृष्ट काढली, मशीनचा संशय कुणालाच आला नाही. डॉक्टरांनी जाळ्या धुऊन घ्या म्हटलं, म्हणून स्नेहलनं आज प्रभुलिंगला बोलावलं होतं.

तो आत गेला. हॉलमध्ये चिटपाखरू नव्हतं. सोफ्यावरचं प्लॅस्टिकसुद्धा कुणी काढलेलं नव्हतं, आणि हॉल असा गार पडला होता की दही विरजलं नसतं. भिंतीवरचा डबा तेवीस दाखवत होता आणि मशीन बंद होतं. खोलीचं दार ढकललं तर तोंडावर वाफ आली. कॉटभोवती प्लॅस्टिकच्या खुर्च्या, खुर्च्यांच्या मागं पोरं उभी, पायथ्याशी शेजारणी, आणि मधोमध विजयसिंह, लाल तोंडानं, परवाच्या मॅचमधला कॉर्नर कसा फुकट घालवला हे पोरांना सुनावत होता. तो खुशीत होता. प्रभुलिंगनं खिशातला थर्मामीटर खिडकीच्या गजाला अडकवला. एकतीस.

त्याला सगळं एका क्षणात कळलं. पाहुण्यांची हवा हॉलमध्ये, पाहुणे इथं. रिकामा हॉल पाच मिनिटांत गार होतो, डब्याला वाटतं काम झालं, तो मशीन बंद करतो, आणि इकडं चौदा माणसं एका घाम न येणाऱ्या माणसाला शेकत बसतात. दवाखान्यातून आलेल्या माणसाला बघायला आलेली पेठ हॉलमध्ये सोफ्यावर बसेल, असं कुठल्या जन्मी झालं होतं? त्याच्या स्वतःच्या घरी, गडहिंग्लजला, वडील विरूपाक्ष अंथरुणाला खिळले तेव्हा सगळी गल्ली त्यांच्या पायाशी बसून असायची, बाहेरच्या सोप्यात कुणी थांबायचं नाही. तेव्हा तो चांगला तिशीचा होता आणि पाण्याचे तांबे त्यानंच फिरवले होते. हे सगळं माहीत असताना त्यानं तक्त्यात दोन लिहिलं होतं. आपल्यामुळं हा माणूस मरता मरता वाचला, हा विचार त्याला सरळ, शब्दांसकट सुचला.

तानाबाईंनी पदरानं वारा घेत विचारलं, मशीन ठीक हाय न्हवं. तो बघतो म्हणाला, जाळ्या काढल्या, धुतल्या, बसवल्या. तोवर पोरांची निघायची वेळ झाली होती. बाहेर पायरीवर संघाचा कप्तान कृष्णात बुटाच्या नाड्या बांधत होता, बाकीची पोरं त्याच्यासाठी खोळंबली होती. उद्या किती वाजता यायचं, याचं त्यांचं ठरत होतं. उद्या पुन्हा चौदा माणसं आली तर काय होईल हे प्रभुलिंगला दिसत होतं. नवी डक्ट बसवायला आठवडा तरी लागणार होता. काहीतरी बोलणं भाग होतं.

"जरा गर्दी कमी करा," तो म्हणाला. "एवढी माणसं बसली की खोली तापती, आणि खोली तापली की त्यांस्नी ताप चढतो."

कृष्णातचा नाडी बांधणारा हात थांबला.

"म्हंजे, दादांस्नी ताप आमच्यामुळं आला?"

खरं उत्तर प्रभुलिंगच्या जिभेवर होतं. ते दोन वाक्यांचं होतं आणि त्यात तक्ता, हॉल आणि तो स्वतः एवढंच होतं. पण दहा-अकरा पोरं त्याच्याकडं बघत होती, आणि वीस वर्षांचं नाव होतं. तो खाली वाकला आणि आपल्या चपला शोधू लागला. त्या समोरच होत्या, तरी त्यानं बराच वेळ लावला. तो उभा राहीपर्यंत पोरं एकमेकांकडं न बघता गल्लीतून निघून गेली होती.

आठवडाभरानं त्यानं नवी डक्ट बसवली. खोलीला सोळा बाय दहा, हॉलला बारा बाय आठ. खोलीच्या डक्टला आतून एक पाकळी आणि बाहेरून एक दांडी ठेवली. दांडी डक्टच्या अंगानं ठेवली की हवा पुरी, आडवी फिरवत नेली की कमी. पुऱ्या हवेच्या खुणेपाशी त्यानं मार्करनं चौदा लिहिलं, बरंच पलीकडं दोन लिहिलं, आणि माणसं नसतील तेव्हा काय करायचं ते स्नेहलला शिडीवर चढवून दाखवलं. कुणी न सांगता एवढं केलं म्हणून घरच्यांनी त्याचं फार कौतुक केलं. ते कौतुक ऐकून घेताना त्याला मेल्याहून मेल्यासारखं झालं. आता कृष्णातला निरोप द्यायचा, या म्हणून, असं त्यानं मनाशी ठरवलं. पण या म्हणायचं तर आधी येऊ नका का म्हटलं होतं तेही सांगावं लागणार होतं. आज सांगू, उद्या सांगू करता करता पाऊस लागला. पावसाळ्यात मशीन फारसं लागलंच नाही, थंडीत जरा ऊब सोडली की भागायचं, आणि त्या घरून फोन आला नाही. लग्नाच्या पंगतीत मात्र तो आता पाहुण्यांना वीस वर्षांचं ऐकवत नसे. त्याच्या बायकोनं, दानेश्वरीनं, एकदा विचारलं, हल्ली जेवताना एवढे गप्प कसे. त्यावर तो भाजी छान झालीय म्हणाला.

स्नेहलचा फोन आला तो पुढच्या मार्चमध्ये. उन्हं नुकती चढायला लागली होती. ती म्हणाली, खोली फार गार पडते, यांचं अंग बर्फ होतंय, येऊन बघता का. प्रभुलिंगनं विचारलं, दांडी फिरवली नाहीत का. पलीकडून ती एवढंच म्हणाली, तुम्ही याच.

तो चारला पोचला. दारात एकही चप्पल नव्हती. हॉलमध्ये तानाबाई टीव्ही बघत बसल्या होत्या, पदरानं गळा पुसत. हॉलची डक्ट त्यानंच बारीक केली होती आणि डबा मात्र तिथंच राहू दिला होता, त्यामुळं हॉल काही केल्या गार होत नव्हता, डबा मशीन बंद करत नव्हता, आणि सगळी हवा त्या एका खोलीत कोसळत होती. त्यानं दार उघडलं. बाहेर चौतीसचं ऊन, आणि आत विजयसिंह दोन रग, स्वेटर आणि कानटोपी घालून पडला होता. ओठ काळसर झाले होते. खुर्च्या मात्र होत्या तशाच, कॉटभोवती गोल मांडलेल्या, एकीवरही धूळ नव्हती. थर्मामीटरनं एकोणीस दाखवलं.

"या आप्पा," विजयसिंह प्रभुलिंगला म्हणाला. "स्वेटर आणलाय न्हवं?"

स्नेहलनं त्याच्या काखेतलं तापाचं थर्मामीटर काढून प्रभुलिंगपुढं धरलं. पारा पंच्याण्णवच्याही खाली होता. सकाळपासून असाच आहे, ती म्हणाली, गरम पाण्याच्या बाटल्या ठेवून झाल्या, पण अंगाला कळत नाही म्हणून भाजायची भीती. काल तो बोलता बोलता दोनदा गुंगीत गेला. डॉक्टर म्हणाले, असंच चाललं तर पुन्हा भरती करा. हे सगळं ती हळू आवाजात आणि भराभर सांगत होती, नवऱ्याकडं पाठ करून.

"मला दांडी फिरवता येती की," ती शेवटी म्हणाली. "हे दांडीला न्हाई, मशीनला बी हात लावू देत न्हाईत."

प्रभुलिंगनं विजयसिंहाकडं पाहिलं. विजयसिंह छताकडं बघत होता. प्रभुलिंगनं खिशातली वही काढली. दुसरं काही सुचेना म्हणून त्यानं तक्त्यातलाच प्रश्न विचारला, हल्ली खोलीत साधारण माणसं किती असतात.

स्नेहल म्हणाली, "आम्ही दोघं. दुपारी आई घटकाभर बसतात."

"चौदा," विजयसिंह म्हणाला. "चौदाच धरा."

मग स्नेहलनं सांगितलं, हळूहळू, एक एक खुर्ची जवळ ओढून सरळ करत. मागच्या मेमध्ये दवाखान्यातून आल्यावर दोन-चार दिवस माणसं आली, मग एकदमच थांबली. आधी वाटलं परीक्षा असतील. मग वाटलं पाऊस आहे. आता सीझन चालू आहे, रोज मॅच, पोरांना वेळ कुठला. कृष्णात गल्लीतून जाताना दिसतो, पण वर बघत नाही. आमचं काय चुकलं म्हणून तिनं तानाबाईंना विचारलं, तानाबाईंनी तिला. शेजारणी तेवढ्या दारातून विचारून जातात. असं का झालं, हे अजून घरात कुणाला कळलेलं नाही.

प्रभुलिंगला ते कळलेलं होतं. दहा महिने तो आज सांगू, उद्या सांगू करत आला होता, आणि इकडं त्याच्या एका वाक्यानं घर ओस पडलं होतं. त्याला लाज वाटली. इतकी, की शिडी आणतो म्हणून तो बाहेर पडला आणि गाडीपाशी येऊन नुसताच उभा राहिला.

समोरून कृष्णातच आला. खांद्याला बूट अडकवलेले, मैदानाकडं निघालेला. प्रभुलिंगला बघून त्यानं मान हलवली आणि पाऊल उचललं, पण प्रभुलिंग आडवा गेला. आणि दहा महिने जे जमलं नव्हतं ते त्यानं भर गल्लीत, टेम्पोवाला हॉर्न वाजवत असताना सांगून टाकलं. ताप तुमच्यामुळं नव्हता आला. हिशेब माझा चुकला होता, तुमची हवा मी हॉलमध्ये सोडली होती. दुसऱ्याच आठवड्यात मी ते सुधारलं, आणि तुम्हाला सांगायचं टाळलं. आता कितीही जण आलात तरी काही होत नाही. उलट माणसं नाहीत म्हणून ते गारठून पडलेत.

कृष्णातनं सगळं ऐकून घेतलं. त्याचा चेहरा आधी उतरला, मग त्यावर राग आला, आणि मग तोही गेला. तो बुटाच्या नाडीशी चाळा करत राहिला.

"आम्हांला वाटायचं, आपण गेलो तर दादा मरतील," तो म्हणाला. "पोरं रडलीती त्या दिवशी."

प्रभुलिंगनं विचारलं, आज येता का.

"बघतो की," कृष्णात म्हणाला. त्यानं घराच्या खिडकीकडं पाहिलं आणि लगेच नजर काढून घेतली. "लई दिस झालं ओ. आता जाऊन काय बोलायचं, त्येच कळंना. पोरांस्नी सांगतो. प्रॅक्टिस हाय पाचला, त्याआधी जमलं तर." आणि तो गेला, मैदानाच्या दिशेनं, पहिल्यापेक्षा सावकाश.

प्रभुलिंग शिडी घेऊन आत आला. छातीवरचं एक ओझं गेल्यासारखं त्याला वाटत होतं, आणि आता दुसरंही उतरवून टाकायचं असं त्यानं ठरवलं. स्नेहल पाणी तापवायला स्वयंपाकघरात गेली होती. खिडकीजवळ शिडी लावून तो वर चढला, छतातलं झाकण सरकवलं आणि दांडीला हात घातला. तिथूनच, विजयसिंहाकडं न बघता, तो बोलायला लागला. मागच्या मेमध्ये मी पोरांना दारात काहीतरी बोललो होतो, म्हणून त्यानं सुरुवात केली.

"ठाऊक हाय," विजयसिंह म्हणाला.

प्रभुलिंगचा हात दांडीवर तसाच राहिला.

"ही खिडकी पायरीवरच हाय न्हवं. समदं ऐकू आलतं. तुम्ही काय म्हटलासा ते, आणि किस्न्या काय म्हटला ते."

मग प्रभुलिंगनं उरलेलंही सांगितलं. गर्दीची चूक नव्हती, माझ्या तक्त्याची होती. विजयसिंह ऐकत होता की नाही कळेना, कारण त्याचे डोळे मिटलेले होते. घरच्यांना हे का नाही सांगितलंत, प्रभुलिंगनं विचारलं. एवढं माहीत असताना दहा महिने गप्प कसे राहिलात. मी आता बाहेर जाऊन, पेठेत घरोघर जाऊन सांगतो, हवं तर तालमीत उभा राहून सांगतो.

विजयसिंहानं डोळे उघडले.

"न्हाई सांगायचं," तो म्हणाला. त्याचा आवाज थंडीनं कापत होता, म्हणून तो एक एक शब्द दाबून बोलत होता. "आप्पा, ऐका माझं. पोरं येत न्हाईत ती तुम्ही नको म्हटलासा म्हणून येत न्हाईत. माझ्या जिवाला भिऊन येत न्हाईत. मी हितं पडून रोज त्येवढंच धरून हाय. ह्या दोघींस्नी सांगितलं असतं, तर त्या उठून बोलवायला गेल्या असत्या. आणि बोलवून बी कोण आलं न्हाई, तर मग मी काय धरायचं?"

प्रभुलिंगनं दुसऱ्या हातानं पत्र्याची कड पकडली.

"वर्षभर कोण कुणाचं असतंय, मला कळतंय की," विजयसिंह म्हणाला. "पण कारण हाय तवर बरं हाय. तुम्ही आपली दांडी सोडा, आणि गप जावा."

पण दांडी सोडून जाणं शक्य नव्हतं. खाली पडलेल्या माणसाचे ओठ काळे पडत चालले होते. प्रभुलिंगनं दांडी फिरवली, चौदापासून दोनपर्यंत, पाकळी वाजू नये म्हणून अगदी बेतानं. हवेचा आवाज बसला. विजयसिंहाला ते गालावर कळलं असणार, कारण त्यानं मान भिंतीकडं फिरवली. तो ओरडला नाही की रागावला नाही. त्याच्या डोळ्यांतून पाणी आलं, आणि ते पुसायला त्याचे हात उपयोगाचे नव्हते, म्हणून ते कानटोपीपर्यंत वाहत गेलं. प्रभुलिंगनं तिकडं बघायचं टाळलं, आणि आपण पुन्हा एकदा टाळतोय हे त्याला जाणवलं.

काम झालं होतं. झाकण सरकवायचं आणि खाली उतरायचं एवढंच राहिलं होतं, पण त्याच्यानं उतरवेना. शिडीच्या उंचीवरून, अर्ध्या पडद्याच्या वरून, सगळी गल्ली कोपऱ्यापर्यंत दिसत होती. कोपऱ्यावर चार-पाच पोरं घोळक्यानं उभी होती. त्यांत कृष्णात होता. तो हात हलवून काहीतरी सांगत होता, बाकीची ऐकत होती. एकानं घराकडं बोट केलं. दुसरा मनगटावरच्या घड्याळात बघत होता. इथून त्यांचा एक शब्दही ऐकू येत नव्हता. हाती काठी नसताना पाण्यात उतरलेल्या माणसासारखा प्रभुलिंग तिकडं बघत राहिला. आपण कृष्णातला आधीच सांगून बसलोय, हे विजयसिंहाला आता कुठल्या तोंडानं सांगायचं? आणि पोरं मैदानाकडं वळली तर या माणसाकडं उद्यापासून काय उरणार? होतं तेही त्यानं आपल्याच हातानं काढून घेतलं होतं.

स्वयंपाकघरातून भांड्याचा आवाज आला. स्नेहलनं आतूनच विचारलं, चहा टाकते, किती टाकू.

"दोन कप," विजयसिंह भिंतीकडं बघूनच म्हणाला. "आप्पास्नी आणि तुला. मला नको."

कोपऱ्यावरचा घोळका हलला. नीट दिसेना म्हणून प्रभुलिंग शिडीची आणखी एक पायरी वर चढला.

"वहिनी," तो म्हणाला, "चहा जरा दमानं टाका. किती ते सांगतो."

विजयसिंहानं मान वळवली. त्यानं वर, शिडीवरच्या माणसाच्या तोंडाकडं पाहिलं, त्याचे डोळे खिडकीबाहेर कुठं लागलेत ते पाहिलं, आणि त्याला सगळं कळलं.

"काय केलासा आप्पा," तो म्हणाला.